मगदुमाच्या सुनेची शिट्टी

“आत्याबाई, मामंजींना सांगा, नदीला पूर आलाय,” मी म्हणाले.

मामंजी माझ्यापासून दोन हातांवर बाजेवर बसून पानाला चुना लावत होते. पूर कसला न् काय! मे महिन्याचं ऊन नुसतं पोळत होतं आणि वारणामाई घाटाच्या पायऱ्या सोडून पार खाली गेली होती.

सासूबाई मामंजींकडं वळल्या. “ऐकलं का? रत्ना म्हणतीया, नदीला पूर आलाय.”

“तिला म्हणावं, हितं घामानं अंगरखा पिळायची येळ आलीया. पूर कुठनं आणलास?”

“अगं, हे म्हणत्यात...”

“ऐकलं, आत्याबाई. त्यांना सांगा, खोटा खोटा पूर आहे. रंगीत तालीम. तहसीलदार येणार आहेत. घर सोडून नावेकडं चला.”

दारात उभे असलेले कदम सर कपाळाला हात लावून ऐकत होते. सैन्यातून निवृत्त होऊन आलेला माणूस, तालुक्यानं आमच्या गावाला पुराचं शिक्षण द्यायला पाठवलेला. ते म्हणाले, “ताई, अशी निरोपानिरोपी चालली, तर तोवर माणूस मिरजेच्या पुलाखालून वाहून जाईल.”

आता त्यांना काय सांगायचं? आमच्या घरात सून सासऱ्याशी समोरासमोर बोलत नव्हती. माझ्या लग्नाला बारा वर्षं झाली होती आणि बारा वर्षांत मामंजींशी मी एक शब्द थेट बोलले नव्हते, तेही माझ्याशी नाही. वैर म्हणून नव्हे हो! रीत म्हणून. कालवण आवडलं तर मामंजी गोठ्यात जाऊन म्हशीला मोठ्यानं सांगायचे, “आज वांगं झ्याक झालं हुतं गं.” म्हैस रवंथ करायची आणि मी चुलीपाशी हसायचे.

अशा घरातली मी, आणि आपत्तीच्या इशारा पथकाची प्रमुख झाले. नाव मी माझ्या हौसेनं दिलं होतं. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी गावात पाणी शिरलं, तेव्हा तापानं फणफणलेल्या तान्ह्या लेकीला घेऊन मी दीड दिवस शाळेच्या गच्चीवर बसले होते. कुठं जायचं, कधी निघायचं, सांगणारं कुणी नव्हतं. तेव्हाच ठरवलं होतं, पुढच्या वेळी सांगणारं कुणीतरी असेल. प्रमुखपद मात्र आपोआप आलं. कदम सरांनी चावडीवर विचारलं, “गावात सगळ्यात मोठा आवाज कुणाचा?” आणि अख्खी चावडी माझ्याकडं वळली. खोटं कशाला बोलू, मी मळ्यातल्या मोटारीपाशी उभी राहून घराकडं “चहा ठेवा” म्हणून हाक मारली, की चार घरांत चहा ठेवला जायचा.

सरांनी मला एक लाल शिट्टी दिली, गळ्यात अडकवायच्या दोरीसकट. तीन लांब शिट्ट्या म्हणजे हातातलं सगळं टाकून नावेकडं यायचं. आधी लेकरं आणि पोटुशा बाया, मग बाकीच्या बाया, मग म्हातारी आणि आजारी माणसं, शेवटी धडधाकट. यादी करून चावडीच्या भिंतीवर डकवली. मामंजींचं हृदय तेव्हापासूनच कुरकुरत होतं, दोन वेळच्या गोळ्या चालू होत्या, म्हणून त्यांचं नाव म्हाताऱ्यांच्या यादीत वरच टाकलं.

आणि तिथंच घोळ झाला. कारण त्याच यादीत, मामंजींच्याही वर, रंगूआण्णा खोतांचं नाव होतं.

आमच्या आंबळेवाडीत मानाची घरं दोन. वरच्या आळीतले आम्ही मगदूम, खालच्या आळीतले खोत. सिद्धोबाची पालखी दोन दांड्यांची. पुढचा उजवा खांदा मगदुमांचा, पुढचा डावा खोतांचा. उजवा मान मोठा, असं मगदूम म्हणतात. काळीज डावीकडं असतं म्हणून डावा मोठा, असं खोत म्हणतात. मामंजी आणि रंगूआण्णा एका वयाचे, एका वर्गातले. चौथीपर्यंत दोघं एकच पाटी थुंकी लावून पुसायचे, असं आत्याबाई सांगायच्या. मग दोघांच्या खांद्यावर पालखी आली आणि भांडणापलीकडचं बोलणं संपलं.

तर तालमीच्या दिवशी तहसीलदार घाटावर छत्रीखाली उभे. एक फोटोवाला आलेला. गुडघाभर पाण्यात रबरी नाव, नावेत कदम सर. म्हाताऱ्यांची पाळी आली तसे मामंजी फेटा बांधून, धोतरावर नारिंगी जॅकेट घालून पुढं झाले. पलीकडून रंगूआण्णा आले, त्यांनी जॅकेटावर उपरणं घेतलं होतं.

“थांब,” मामंजी म्हणाले. “पयला मगदूम बसंल. पालखीला उजवा खांदा कुणाचा?”

“आरं जा! ही काय पालखी हाय व्हय? यादीत माझं नाव वर हाय!”

“वर हाय कारण तुजं वय जास्त हाय, थेरड्या!”

“आठ दिवसांनी मोठा हाय मी तुज्यापरीस. आठ दिवस! म्हणूनच आधी मी!”

फोटोवाल्यानं कॅमेरा उचलला. ते बघून दोघांनी एकाच वेळी, एकाच बाजूनं, नावेत पाय टाकला. नाव उलटली. कदम सर तोंडावर पडले, रंगूआण्णांचं उपरणं वाहत निघालं आणि मामंजी फेट्यासकट पाण्यात बसले. मला काही सुचेना. शिकवलं होतं तेवढंच आठवलं. मामंजींच्या कानापाशी उभी राहून मी तीन लांब शिट्ट्या वाजवल्या.

आणि मग पाण्यातून रंगूआण्णांचा आवाज आला, “आयला दौल्या! तुजी सून तुला शिट्टी मारती!”

अख्खं गाव हसलं. तहसीलदारसुद्धा छत्री आडवी धरून हसले.

मामंजी घरी आले ते ओल्या धोतरानं पाण्याचा माग काढत. म्हशीकडंही गेले नाहीत. भिंतीकडं तोंड करून आत्याबाईंना म्हणाले, “तिला सांग. बारा वरसं गपगुमान नांदली, आन आज गावाफुडं माजी अब्रू शिट्टीवर टांगली. परत ती वाजवायची आसंल, तर माज्या मढ्यावर वाजीव म्हणावं.”

मी चुलीपाशी उभी होते. राग आला, मी काय हौसेनं वाजवली होती? पण शिट्टी गळ्यातून काढली आणि आत्याबाईंच्या हातात दिली. त्यांनी ती देव्हाऱ्यात देवांच्या मागं ठेवली. प्रमुखपद माझ्याकडंच राहिलं, बिनशिट्टीचं. महिनाभर मामंजी माझ्या हातचं मुकाट जेवले, पण म्हशीला काही सांगितलं नाही. त्याचंच मला जास्त लागलं.

ऑगस्टात पावसानं आठ दिवस उसंत दिली नाही. नवव्या दिवशी सकाळी कदम सरांचा फोन आला. “ताई, धरणातून पाणी सोडलंय. दुपारपर्यंत तुमच्या खालच्या आळीत येईल. गाव सिद्धोबाच्या टेकाडावर काढा, मी नाव घेऊन निघालोच.”

आमचे मालक कारखान्यावर पाळीला गेलेले. मी आत्याबाईंची पिशवी भरली, लेकीला रेनकोट घातला. निघताना आत्याबाईंनी देव्हाऱ्यामागं हात घातला आणि शिट्टी माझ्या पदराला गाठ मारून बांधली. हळूच म्हणाल्या, “आसू दे. लेकरांसाठी लागली तर वाजीव. ह्यांच्या म्होरं तेवडी नको.”

शिट्टी वाजवली नाहीच मी. देवानं दिलेला गळा होता. दोन्ही आळ्यांतून ओरडत फिरले आणि अकराच्या आत गाव टेकाडावर आलं. धडधाकट गडी आणि तरणी पोरं गुरं घेऊन वरच्या माळाला गेली. सर नाव घेऊन आले आणि यादीबरहुकूम पहिली खेप गेली, लेकरं आणि पोटुशा बाया. दुसऱ्या खेपेत बाकीच्या बाया. आत्याबाईंचे गुडघे धरलेले, म्हणून त्या माझ्या लेकीला घेऊन तीतच गेल्या. देवळाचा गुरव रडणारी नातवंडं सांभाळत त्याच नावेत चढला. काय न्यायचं ते न सुचून त्यानं पालखीपुढं वाजवायचं शिंग तेवढं काखेत मारलं होतं.

मागं उरली नऊ म्हातारी माणसं आणि मी. पाणी देवळाच्या खालच्या पायरीला लागलं होतं.

सर परत आले ते धापा टाकत. “ताई, लवकर. धार वाढतेय. ही एक खेप होईल, पुढच्याची खात्री नाही.”

“आण्णा, चला,” मी रंगूआण्णांना म्हणाले.

रंगूआण्णा सभामंडपाच्या डाव्या खांबाला टेकून बसले होते. म्हणाले, “आधी दौल्याला बसव. मे म्हैन्यात लई घाई हुती त्येला.”

मामंजी उजव्या खांबाला टेकून बसले होते. ते खांबाला म्हणाले, “त्येला म्हणावं, गावातनं पयला पाय खोताचा निगू दे. मगदूम श्येवटाला जाईल.”

“का? गाव बुडताना पयला पळाला म्हणून माज्या सात पिढ्यांचं नाव काढायचंय व्हय?”

“मग माज्या पिढ्या काय रस्त्यावर पडल्यात?”

मी बाकीच्या सात जणांकडं वळले. “तुम्ही तरी बसा!”

ते एकमेकांकडं बघायला लागले. एक म्हातारा दबकत म्हणाला, “मानकरी हितं बसल्यात आन आमी उठून जायचं? बरं दिसंल का ते, सूनबाई?”

म्हणजे बघा! मे महिन्यात पहिलं बसायला भांडण, ऑगस्टात पहिलं न बसायला. सर नावेतून ओरडले, “अहो, दोघं एकदम बसा!” तर दोघंही एका दमात म्हणाले, “त्येच्यासंगं? न्हाई!”

पाणी दुसऱ्या पायरीला आलं. आणि माझं लक्ष मामंजींच्या हाताकडं गेलं. ते खांबाला टेकले नव्हते, त्यांनी खांब धरला होता. ओठ काळेनिळे पडलेले, श्वास वर वर चाललेला. सकाळची गोळी गडबडीत राहिली होती. गोळ्या आत्याबाईंच्या पिशवीत, आणि पिशवी पैलतीरी. मी घाबरले. हा माणूस इथंच, माझ्या डोळ्यांदेखत जाणार, मानापायी.

“आत्याबाई, मामंजींना सांगा...” सवयीनं तोंडातून निघालं आणि तिथंच थांबले. आत्याबाई नव्हत्या. सांगायला कुणीच नव्हतं.

मी डोक्यावरचा पदर नीट केला आणि म्हणाले, “मामंजी, उठा.”

नऊच्या नऊ म्हातारे माझ्याकडं बघत राहिले. मामंजींनी मागं वळून बघितलं, मी दुसऱ्या कुणाला म्हणाले की काय.

“मला?” ते म्हणाले.

“तुलाच की,” रंगूआण्णा म्हणाले. “दुसरा मामंजी कोण हाय हितं?”

“तुम्हालाच म्हणतेय,” मी म्हणाले. “तुमच्या गोळ्या पलीकडं गेल्यात. जीव जाईल तुमचा. उठा, तुमच्या पाया पडते.”

बारा वर्षांत पहिल्यांदा मामंजी माझ्याशी अख्खं वाक्य बोलले, आणि बोलले काय, तर “न्हाई उठणार. खोत उठल्याबिगार न्हाई.”

मग मात्र माझं टाळकं फिरलं. सून, पदर, रीत, सगळं गेलं उडत. देवानं दिलेला सगळा गळा मी त्या मंडपात काढला.

“बसा मग! दोघंबी बसा! बुडा हितंच, मानानं बुडा! पण त्या देवानं काय घोडं मारलंय तुमचं? पाणी चढतंय, आज गाभाऱ्यात शिरंल. पालखी कोण नेणार? का सिद्धोबालाबी सांगू, देवा, थांब जरा, आधी मगदूम का आधी खोत ते ठरू दे?”

दोघांनी एकदमच गाभाऱ्याकडं मान वळवली.

रंगूआण्णा पहिले बोलले. “देव राहिला की रं, दौल्या.”

“राहिलाच की,” मामंजी म्हणाले.

आणि काय सांगू, मघापासून हाका मारून उठेनात ती माणसं खांबाला धरून उठली. चांदीचा मुखवटा पालखीत ठेवला. आमची पालखी छोटी, हलकी. जत्रेत तिला मुखवट्यापेक्षा गुलालाचंच वजन जास्त. उजव्या दांडीला मामंजी, डाव्या दांडीला रंगूआण्णा, मागं दोघं म्हातारे. मामंजींच्या बाजूनं दांडीखाली मी हात घातला, भार त्यांच्यावर पडू नये म्हणून. कुणी काही म्हटलं नाही.

“चला,” मी म्हणाले.

कुणी हलेना.

“आता काय?”

“शिंग,” रंगूआण्णा म्हणाले. “तीनदा शिंग फुकल्याबिगार पालखी हालत न्हाई.”

“गुरव शिंग घेऊन गेला की पलीकडं!”

“मग कसं हालणार?”

डोकं आपटून घ्यावंसं वाटलं मला. सर नावेतून हात हलवत होते. पाणी तिसऱ्या पायरीवर आलं होतं. मामंजींनी डोळे मिटून दोन श्वास घेतले. मग उघडले आणि माझ्या पदराच्या गाठीकडं बघितलं.

“रत्ने,” ते म्हणाले. “ती कुठाय?”

“काय, मामंजी?”

“ती तुजी. वाजीव.”

“पण तुम्हीच म्हणाला होता, माझ्या मढ्यावर...”

“आगं, मढं हुयाच्या आदी वाजीव की!”

दातानं गाठ सोडली मी. तीन लांब शिट्ट्या वाजवल्या. पालखी हलली, पायऱ्या उतरली, नावेपाशी आली. मामंजींनी उजवीकडून पाय टाकला, रंगूआण्णांनी डावीकडून, त्याच क्षणाला. पालखी मधोमध. नाव हललीसुद्धा नाही. मागोमाग बाकीची म्हातारी चढली, शेवटी मी. सर वल्हं मारता मारता म्हणाले, “हे मे महिन्यात का नाही सुचलं?”

“तवा देव न्हवता आणला,” रंगूआण्णा म्हणाले.

भर धारेत दोघं पालखीला धरून बसले होते. मामंजींच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. रंगूआण्णांनी त्यांच्या मांडीवर हात ठेवला आणि म्हणाले, “मरू नगस दौल्या. सांगून ठिवतो. माजा पाय आदी टेकला हुता नावंत.”

मामंजींनी डोळे उघडले. “उजवा... आदी,” म्हणाले.

“न्हाई, डावा.”

“उजवा!”

पैलतीरापर्यंत तेच चाललं. मी मध्ये पडले नाही. बोलत होते तोवर जिवंत होते. काठावर आत्याबाई पिशवी घेऊन उभ्याच होत्या. त्यांनी मामंजींच्या जिभेखाली गोळी ठेवली, पदरानं तोंड पुसलं. थोड्या वेळानं ओठांवर रंग आला तसे मामंजी म्हणाले, “रत्ने, च्या मिळतोय का बघ कुठं.”

आत्याबाई सवयीनं माझ्याकडं वळल्या. “अगं, हे म्हणत्यात...” आणि थांबल्या. त्यांच्या ध्यानात आलं. “आता माझं काय काम मग?” म्हणाल्या आणि हसता हसता रडायला लागल्या. मीही रडले.

पुढच्या जत्रेत गुरवानं शिंग तोंडाला लावलं तर मामंजी म्हणाले, “थांब. आदी आमच्या सुनंची शिट्टी.” रंगूआण्णा लगेच म्हणाले, “ही कुठली नवी रीत? मग एक साल खोताच्या सुनंलाबी मान पायजे.” त्यावर तासभर पालखी अडली. शेवटी ठरलं, शिट्टी मगदुमांची आणि तिला हळदकुंकू लावायचा मान खोतांचा. तालमीचं म्हणाल, तर दर मे महिन्याला ती पालखीसकटच व्हायला लागली. कदम सरांनी अहवालात ते कसं लिहिलं, देव जाणे.

त्या पुरानंतर मामंजी सात वर्षं जगले. रोज माझ्याशी बोलायचे. कालवणाला नावंसुद्धा तोंडावर ठेवायचे. मार्गशीर्षात एका पहाटे झोपेतच गेले.

अंगणात तिरडी बांधून झाली. आमचे मालक मडकं घेऊन पुढं उभे राहिले. रंगूआण्णा काठी टेकत आले. थकले होते, पण काठी भिंतीला लावली आणि सरळ तिरडीच्या उजव्या अंगाला जाऊन उभे राहिले.

“चाळीस वरसं डावा धरला,” म्हणाले. “आज उजवा मी घेणार.”

आमच्या पुतण्यानं त्यांना जागा करून दिली. त्यांनी बांबूवर हात ठेवला. मग हात काढला, तिरडीला वळसा घातला आणि डावीकडं जाऊन उभे राहिले.

“ऱ्हाऊ दे,” म्हणाले. “उजवा त्येचाच. वर गेल्यावर भांडत बसंल माज्याशी.”

मी आत्याबाईंना धरून दारात उभी होते. आण्णांनी माझ्याकडं बघितलं.

“रत्ना, हुबी काय ऱ्हायलीस? वाजीव की. त्येनंच सांगून ठिवलंय न्हवं, मढ्यावर वाजीव म्हणून?”

आत्याबाई आत गेल्या आणि देव्हाऱ्यातून शिट्टी घेऊन आल्या. लाल रंग उडालेला, वर हळदकुंकवाचा थर. मी तोंडाला लावली तर आवाजच निघेना, नुसता वारा गेला. आत्याबाईंनी पाठीवर हात ठेवला. मग मी वाजवल्या, तीन, लांब.

तिसरी संपली तशी तिरडी उठली. डाव्या बाजूनं आण्णांनी मुद्दाम जरा उशीर केला. उजवी बाजू आधी उठली.